दांडा कुणाचा, वजन कुणावर?

मलकापुरात राहणाऱ्याला शस्त्रांचा इतिहास शोधायला लांब जावे लागत नाही. विशाळगड आपल्या तालुक्यात, पावनखिंड आपल्या तालुक्यात. विशाळगडच्या प्रतिनिधींची जहागीरही मलकापुरातूनच चालायची. जुलै महिना आला की पन्हाळ्यावरून पोरे चालत निघतात, १६६० सालच्या त्या रात्रीची आठवण जागवतात. कोल्हापूर भागात मर्दानी खेळाचे आखाडे आहेत, तिथे लाठी, भाला, विटा, दांडपट्टा अजून हाताळला जातो. हे सगळे चांगलेच आहे. पण या इतिहासासोबत व्हॉट्सॲपवर एक भाकडकथाही फिरते. अमक्या राजाचा भाला ८० किलोचा होता, तमक्या सरदाराची तलवार २५ किलोची होती. आपलीही पोरे ती पुढे ढकलतात.

साथीहो, जरा डोके चालवा. ८० किलो म्हणजे सिमेंटची दीड पोती. ती लांब काठीच्या टोकाला बांधून घोड्यावरून कोण फिरवणार? लढाईत वापरायची एका हाताची तलवार साधारण एक ते दीड किलोची असते, मग ती भारतातली असो की युरोपातली. कारागिराची सगळी अक्कल वजन वाढवण्यात नव्हती, ते वजन योग्य जागी ठेवण्यात होती. पाते टोकाकडे पातळ होत जाते, मूठ जड असते, मुठीच्या मागे लोखंडी चकती किंवा गोळा असतो. म्हणून तोल पात्याच्या मध्यावर न पडता मुठीच्या जवळ पडतो आणि मनगट वळवले की पाते वळते. सिकंदराच्या सैन्यातला लांब भाला पाच-सहा मीटरचा असायचा. त्याच्या मागच्या टोकाला धातूचा जड खिळा बसवलेला होता आणि शिपाई तो दोन्ही हातांनी मागच्या बाजूला धरायचा. मराठ्यांच्या स्वारांनी भाल्याला बांबूचा दांडा वापरला, कारण बांबू लांबीच्या मानाने हलका. लढणाऱ्याचा कष्ट कमी व्हावा म्हणून हजारो वर्षे डोकी चालली. हे ज्ञान नव्हते असे कुणी म्हणू नये.

माझा प्रश्न साधा आहे. मग हे ज्ञान खराट्यापर्यंत का आले नाही?

आधी त्यामागचे गणित समजून घेऊ. समाजशास्त्र शिकलेल्या माणसालाही ते कळते, म्हणजे अवघड नाही. घरातला लांब दांड्याचा झाडू घ्या. दांड्याच्या टोकाला धरून आडवा उचला. आता उलटा करा, झाडूचा गुच्छ मुठीत आणि दांडा पुढे, आणि पुन्हा उचला. तोच झाडू, तेवढेच ग्रॅम, पण दुसऱ्या वेळी तो अर्ध्या वजनाचा वाटतो. हाताला जाणवते ते नुसते वजन नसते. वजन आणि हातापासूनचे अंतर यांचा गुणाकार जाणवतो. आणि अवजार नुसते धरायचे नसून फिरवायचे असेल, म्हणजे झाडायचे असेल, तर हिशेब आणखी वाईट होतो. तिथे अंतराचा वर्ग धरावा लागतो. वजन दुप्पट लांब नेले की फिरवण्याचा कष्ट चौपट. एकसारख्या जाडीची काठी मध्यावर धरून फिरवणे आणि टोकाला धरून फिरवणे यात बरोबर चौपटीचा फरक पडतो. तेच सगळे वजन टोकाला गोळा झाले तर मध्यावर धरलेल्या काठीच्या बारा पट. आखाड्यातला पोरगा लाठी मध्याजवळ धरून गरगर फिरवतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. रस्ता झाडणाऱ्या मावशीला मात्र खराटा टोकालाच धरावा लागतो, तिथे पर्याय नाही.

आता आपल्याकडचा पाऊस धरा. आंबा घाटाच्या अलीकडचा हा पट्टा. इथे चार महिने खराटा कोरडा राहत नाही. हिरांमध्ये पाणी, चिखल, कुजलेला पाला अडकतो. म्हणजे वाढलेले सगळे वजन नेमके त्या टोकाला, जिथे प्रत्येक ग्रॅम सगळ्यात महाग पडतो. उन्हाळ्यात चालणारा खराटा जुलैत खांदा मोडतो तो यामुळे. हे कळायला कुठल्याही प्रयोगशाळेची गरज नाही, सकाळी सहाला रस्त्यावर उभे राहिले की दिसते.

गटाराचा गाळ काढताना तर हे उघड दिसते. समजा दांडा १८० सेंटीमीटरचा, पुढच्या खोऱ्यात ५ किलो गाळ. दांड्याचे स्वतःचे वजन सोडून देऊ. मागचा हात दांड्याच्या शेवटाला आणि पुढचा हात त्याच्यापासून ६० सेंटीमीटरवर. गाळ ५ किलोचा, पण पुढच्या हाताला १५ किलो उचलावे लागतात आणि मागच्या हाताला १० किलोने खाली दाबावे लागते. दोन्ही हात एकमेकांविरुद्ध राबतात. पुढचा हात सरकवून १२० सेंटीमीटरवर नेला तर पुढे साडेसात, मागे अडीच. म्हणजे निम्मा भार गेला. पण तेवढा हात पुढे न्यायचा तर वाकावे लागते. म्हणून गटारावर काम करणारा माणूस नेहमी कंबरेत मोडलेला दिसतो. त्याला उभे राहता येत नाही असे नाही. उभे राहिले तर हात तुटतात आणि वाकले तर पाठ जाते, यातून तो रोज एक निवडतो.

इथे एक गोष्ट नोंदवतो, कारण आपले काही कार्यकर्ते उत्साहात "लांब दांडे द्या" एवढीच मागणी लिहून मोकळे होतात. नुसता दांडा लांब करून भागत नाही. दांडा जड असेल, पुढचे लोखंड जाड असेल, तर लांबी हीच शिक्षा होते. तलवारीसारखे मागे वजन लावूनही इथे फारसे साधत नाही. त्याने मागच्या हाताचे दाबणे वाचते, पुढच्या हातावरचे १५ किलो तसेच राहतात. इथे भार हातावरून काढून दुसऱ्या कशावर तरी टेकवावा लागतो. दांडा गटाराच्या काठावर टेकला, काठापासून माणसापर्यंत १२० आणि गाळापर्यंत ६० सेंटीमीटर राहिले, तर अडीच किलोच्या दाबाने ५ किलो गाळ वर येतो. बाकी साडेसात किलो काठाचा दगड सोसतो. काठ नसेल तिथे चाक, नाहीतर टेकू. बांबूचा दांडा असेल तर त्याचे कुठले टोक हातात आहे हेही पाहावे लागते. बांबू बुडाकडे जाड आणि जड असतो, शेंड्याकडे हलका. बूड हाताशी ठेवले तर तोच बांबू हलका लागतो. खराटा बांधणाऱ्याने उलटा बसवला तर वर्षभर कुणीतरी त्याचे भोगते.

आपल्याच लोकांना हे ठाऊक नव्हते का? होते. केरसुणी पाहा. शिंदीच्या पानांची केरसुणी मातंग समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वळली. घट्ट बांधलेला जड भाग मुठीत, हलका पंखा पुढे. मनगटासाठी इतके नेमके तोललेले अवजार घरात दुसरे नसेल. तिला लांबी तेवढी नाही, कारण ती वापरणाऱ्या बाईने वाकूनच झाडायचे असे गृहीत होते. दिवाळीला तिला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतात. ती वळणारा मात्र उंबऱ्याबाहेर राहिला. मोटेचा नाडाही मातंगाने वळायचा. विहिरीवर आडवे लाकूड टाकून एका टोकाला पोहरा आणि दुसऱ्या टोकाला धोंडा बांधायची युक्ती तर जुनीच आहे. धोंडा खाली जातो, पाणी आपोआप वर येते. कष्ट कसा वाचवायचा हे गावाला पुरेपूर माहीत होते. फक्त त्या विहिरीच्या दोराला हात लावायची परवानगी कुणाला होती, हे १९२७ च्या महाडने जगाला सांगितले.

गावगाड्याचे गोडवे गाणारे विद्वान म्हणतात, बलुतेदारी म्हणजे समतोल. प्रत्येकाला काम, प्रत्येकाला वाटा. त्यांना एक झाडू द्या आणि बोटावर तोलायला सांगा. झाडू बोटावर आडवा स्थिर राहतो, पण बोट मध्यावर नसते, गुच्छाजवळ असते. आता त्याच जागी कापून दोन्ही तुकडे तराजूत टाका. ते सारखे भरत नाहीत, गुच्छाचा आखूड तुकडा जड भरतो. तोल आहे याचा अर्थ वजन सारखे वाटले आहे असा होत नाही. कमी जागेत जास्त वजन कोंबूनही तोल साधतो आणि लांबून तो छान दिसतो.

एकदा मात्र आपल्या हातात तोललेले अवजार आले होते, ते म्हणजे बंदूक. कवायतीत शिपायाला रायफल कुठे धरायची हे शिकवले जाते. तिचा तोल जिथे पडतो तिथे पकडून ती हातात आडवी न्यायची, हा कवायतीचा भागच आहे. ज्या महाराला गावात काठी आणि घोंगडी देऊन वेशीवर बसवले, त्यालाच पलटणीत कुणीतरी सांगितले की या वस्तूचा तोल इथे आहे, हात इथे ठेव. शरीर तेच होते. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारखे निवृत्त सैनिक अर्ज लिहीत बसले. पुढे १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. या इतिहासातला शौर्याचा भाग आपण दर १ जानेवारीला सांगतो. मला त्यातली ही बारीक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, की सरकार शिपायाला अवजार देताना ते कसे धरायचे हे शिकवते. सफाई कामगाराच्या हातात खराटा देताना कुणी काही शिकवत नाही. "त्यांना सवय असते," एवढेच बोलले जाते.

हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. एका गावात सफाई कामगारांच्या पाठदुखीचा विषय काढला तेव्हा खुर्चीतल्या साहेबांनी हसत तेच उत्तर दिले. ८० किलोच्या भाल्याची गोष्ट आणि हे वाक्य एकाच खाणीतले आहे. दोन्हीकडे वजन हा माणसाचा गुण ठरतो, राजाचा पराक्रम किंवा जातीची सवय. अवजार कुणी बनवले, कुणी विकत घेतले, कसे बनवले, हा प्रश्नच मग उरत नाही.

सवयीचे खरे गणित असे आहे. कंबरेच्या वरचे धड, डोके आणि हात मिळून शरीराच्या निम्म्याहून जास्त वजन भरते. माणूस वाकतो तेव्हा पाठच लांब दांडा होते आणि डोके तिच्या टोकाचे वजन. समजा वरचे वजन ३० किलो आणि ते कंबरेपासून ३० सेंटीमीटर पुढे गेले. त्याला सावरणारे पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर ओढतात. म्हणजे त्यांना १८० किलोचा ताण द्यावा लागतो, हातात काहीही नसताना. हे दिवसात हजार वेळा. याची सवय होत नाही. मणका झिजतो.

कॅलिफोर्नियातल्या शेतमालकांचेही म्हणणे असेच होते. तिथे बहुतेक मेक्सिकन मजुरांना दीड-दोन फूट दांड्याचे आखूड कुदळे देत, मजूर त्याला "एल कोर्तितो" म्हणजे छोटुकले म्हणत. लांब दांड्याने रोपे नीट विरळता येत नाहीत असे मालक सांगायचे. आखूड दांड्याचा आणखी एक फायदा उघड होता. वाकलेला मजूर काम करतोय आणि उभा राहिलेला थांबलाय, हे मुकादमाला लांबून दिसायचे. सीझर चावेझ या कामगार नेत्याची पाठ याच कुदळ्याने खराब केली होती. मजुरांच्या वकिलांनी डॉक्टरांच्या साक्षी उभ्या केल्या आणि १९७५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते अवजार बंद झाले. बंदीनंतरही तिथली शेती चालूच राहिली.

याउलट फ्रेडरिक टेलरने अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यात फावड्यांचा अभ्यास केला होता, १९०० च्या आसपास. फावड्यात सुमारे २१ पौंड माल असला की माणूस दिवसभरात सगळ्यात जास्त काम करतो, असे त्याने काढले आणि हलक्या मालाला मोठे, जड मालाला छोटे फावडे दिले. कामगाराच्या प्रेमाने नव्हे, मालकाच्या नफ्यासाठी. पण विचार तरी केला. आपल्याकडे जातीने कामगार इतका फुकट पुरवला की भांडवलदारालाही फावडे मोजावेसे वाटले नाही.

आता चळवळीतल्या मित्रांचा आक्षेप घेतो, कारण तो खरा आहे. ते म्हणतात, आपल्याला चांगला खराटा नको, खराटाच नको. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली बर्वे समिती नेमली, केंद्राने १९५७ साली मलकानी समिती नेमली. डोक्यावरची मैल्याची टोपली जावी म्हणून ढकलगाड्या पुरवण्यावर भर आला. वजन डोक्यावरून चाकावर गेले, पण गाडी ढकलणाऱ्याची जात तीच राहिली. मैला उचलायला लावणे बेकायदा ठरायला १९९३ उजाडले. म्हणजे हत्यार सुधारले की व्यवस्था लांबते. गांधीजींनी सफाईच्या कामाचा गौरव केला आणि बाबासाहेबांनी त्या गौरवातला फास १९४५ सालच्या पुस्तकात उघड केला. जाती म्हणजे कामाची वाटणी, हा दावा त्यांनी १९३६ सालीच खोडला होता. त्यांच्या मते इथे कामाइतकीच काम करणारी माणसे वाटून टाकली आहेत, एकाच्या वर एक.

हे सगळे मान्य. पण बाबासाहेबांनी स्वतः काय केले तेही पाहा. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक आणले. त्यात नुसते "वतन फेका" नव्हते. ज्याला सुटायचे आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन आपल्या नावावर करून घेता यावी, आणि जो काम करत राहील त्याला ठरलेला पगार मिळावा, अशा दोन्ही वाटा होत्या. विधेयक पुढे मागे घ्यावे लागले, ती लढाई वेगळी. आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ सालीच महार वतन खालसा करून जमिनी रयताव्याने दिल्या होत्या. उरलेल्या राज्यात त्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला. पुढे १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभारला तोही बाबासाहेबांनीच. झाडू सोडा असे पोरांना सांगणारे बाबासाहेब, आज झाडू हातात असलेल्या बापाच्या पगारासाठीही लढत होते. पुढची पिढी बाहेर पडेपर्यंत आजच्या पिढीची पाठ मोडू द्यायची, असे त्यांनी कधी म्हटले नाही. आपणही म्हणू नये.

शिवाय अवजाराचा प्रश्न हा जगण्यामरण्याचा आहे. गटारात बांबूच्या पट्ट्या जिथपर्यंत पोचतात तिथपर्यंत अवजार काम करते. ते जिथे पोचत नाही तिथे माणूस उतरवतात. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवणे गुन्हा ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ ला मृताच्या कुटुंबाला १० लाख आणि २० ऑक्टोबर २०२३ ला ३० लाख भरपाई ठरवली. आकडा वाढला, उतरणारे मात्र त्याच वस्त्यांतले आहेत.

म्हणून ठोस बोलू. सफाईची अवजारे निविदा काढून किंवा कोटेशन मागवून घेतली जातात. त्या कागदात काय मोजले जाते ते पाहा. खराटे इतके नग, फावडी इतके नग, दर इतका, यापुढे काही लिहिलेले आहे का? दांड्याची लांबी, एकूण वजन, डोक्याचे वजन, ओले झाल्यावरचे वजन, बांबूचे कुठले टोक वर, दुसऱ्या हाताची मूठ आहे का, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे खरेदीआधी ते अवजार कामगाराच्या हातात देऊन पाहिले का? ते आठवडाभर पाच बायांना वापरू द्या, त्यातल्या एकीची उंची पाच फूट असेल आणि एकीची साडेपाच, आणि त्या काय सांगतात ते खरेदीच्या फाइलला लावा. एवढ्याला पैसा लागत नाही. रस्त्यासाठी खडीचा आकार मिलिमीटरमध्ये लिहिणारे खाते खराट्याचा दांडा सेंटीमीटरमध्ये लिहू शकते.

माहितीच्या अधिकारात हे कागद कुणालाही मागता येतात. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही. गेल्या तीन वर्षांतली अवजार खरेदी, प्रत्येक वस्तूचे तपशील आणि कामगारांनी नोंदवलेल्या तक्रारी, असे तीनच मुद्दे लिहा. सोबत घरातला ताणकाटा घेऊन पहाटे वस्तीत जा आणि खराटे तोलून वहीत वजने लिहून ठेवा. आधी कोरडे, मग पावसात भिजलेले.